डॅलसच्या थंडीत नळाच्या टोप्या, फोम आणि हीट केबल: कोण किती तास टिकतं

टेक्सस राज्यातल्या डॅलसच्या हिवाळ्याबद्दल दोन उलट गोष्टी सांगितल्या जातात आणि दोन्ही खऱ्या असतात. जानेवारीत दुपारी पारा साधारण ५५ ते ६० फॅरेनहाइटवर, म्हणजे १३ ते १६ सेल्सिअसवर असतो. पातळ स्वेटर अंगावर असला की झालं. पाणी गोठवणाऱ्या रात्री वर्षाला तीसेक, आणि त्यातल्याही बहुतेक अशा की पहाटे चार-पाच तास पारा शून्य सेल्सिअसच्या थोडा खाली जातो आणि सकाळी दहाला अंगणात ऊन पडलेलं असतं. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी फेब्रुवारी २०२१ ची. १६ तारखेला विमानतळावर उणे २ फॅरेनहाइट, म्हणजे उणे १९ सेल्सिअसची नोंद झाली आणि शहर सलग साडेपाच दिवसांहून जास्त काळ गोठणबिंदूच्या वर आलंच नाही. डिसेंबर १९८३ मध्ये तर हा काळ बारा दिवसांहून जास्त होता.

कारण भूगोलात आहे. कॅनडाच्या उत्तरेपासून टेक्ससपर्यंत मध्ये आडवी पर्वतरांग नाही. रॉकी पर्वत उत्तर-दक्षिण उभा आहे, त्यामुळे थंड हवा त्याच्या पूर्वेकडून सपाट मैदानावरून थेट खाली घरंगळत येते. तिकडचे लोक याला 'ब्लू नॉर्दर' म्हणतात: दुपारी टी-शर्ट, संध्याकाळी वारा फिरतो, आणि झोपेपर्यंत अंगणातल्या बादलीवर पापुद्रा धरलेला असतो.

घरं मात्र पहिल्या गोष्टीसाठी बांधलेली आहेत. तळघर नाही, थेट काँक्रीटच्या स्लॅबवर घर. पाण्याचे पाइप बऱ्याच घरांत अ‍ॅटिकमधून (छप्पर आणि खोल्यांचं छत यांच्यामधल्या पोकळीतून) किंवा बाहेरच्या भिंतीतून फिरवलेले. विटांच्या भिंतीतून बाहेर डोकावणारे दोन-तीन उघडे नळ. स्प्रिंकलरचे व्हॉल्व्ह जेमतेम वीतभर खोल. उत्तरेकडे मिनेसोटात असं घर कुणी बांधणार नाही. म्हणून नोव्हेंबर उजाडला की होम डेपो आणि लोज या हार्डवेअरच्या दुकानांत दारातच नळाच्या टोप्यांचा ढीग लागतो आणि पहिल्या फ्रीझ वॉर्निंगच्या संध्याकाळी तो ढीग गायब होतो. या वस्तूंपैकी कोणती कितपत कामाची, याचंच हे परीक्षण आहे.

मोजमाप एकच लावलं आहे. फोम, कापूस, थर्माकोल यांतली एकही वस्तू उष्णता तयार करत नाही. असलेली उष्णता निघून जायला उशीर लावते, एवढंच. म्हणजे दुकानात आपण तास विकत घेतो. डॅलसच्या नेहमीच्या रात्रीला सहा-आठ तास लागतात आणि ते पाच डॉलरमध्ये मिळतात. २०२१ सारख्या आठवड्याला सव्वाशेहून जास्त लागतात आणि ते कुठल्याच टोपीत नसतात. दुसरा प्रश्न विजेचा. टेक्ससच्या बहुतांश भागाचं वीजजाळं देशाच्या पूर्व आणि पश्चिम जाळ्यांपासून वेगळं आहे, बाहेरून फारशी वीज ओढता येत नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे ते कोसळायच्या बेतात आलं तेव्हा सुमारे २०,००० मेगावॉटचा भार तोडावा लागला आणि ४५ लाखांहून अधिक घरं-दुकानं अंधारात गेली. राज्याच्या आरोग्य खात्याच्या मोजणीनुसार त्या वादळात २४६ जण दगावले. त्यामुळे प्रत्येक वस्तूला विचारायचं: तू किती तास देतेस, आणि वीज गेली तर काय करतेस?

पाइप फुटतो कसा, हे आधी नीट समजलं तर निम्मी खरेदी वाचते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून जिथे बर्फ झाला तिथेच पाइप फाटतो असा समज असतो. बहुतेक वेळा तसं होत नाही. बर्फाचा बोळा पाइपात वाढत जातो आणि तो बोळा व बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब चढत जातो. पाइप फुटतो तो त्या अडकलेल्या भागात, कधीकधी बर्फापासून बराच दूर, अगदी उबदार स्वयंपाकघराच्या भिंतीतही. नळ ठिबकता ठेवण्याचं कारण हेच. वाहतं पाणी गोठत नाही म्हणून ठिबकायचं असं म्हणतात, पण खरा फायदा दाब निघून जाण्याचा. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी अ‍ॅटिकमध्ये उघडे पाइप टाकून प्रयोग केले तेव्हा धोक्याची पातळी २० फॅरेनहाइट, म्हणजे साधारण उणे साडेसहा सेल्सिअस निघाली. ३१ ला धावपळ करण्यात अर्थ नाही, २० ला झोपून राहण्यात धोका आहे. मधल्या रात्री बाहेरच्या नळांपुरत्या.

हवामान खात्याने ऑक्टोबर २०२४ पासून 'हार्ड फ्रीझ वॉर्निंग' हे नाव बंद करून सगळं 'फ्रीझ वॉर्निंग'खाली आणलं आहे. तेव्हा आता इशाऱ्याच्या नावावरून कडाक्याचा अंदाज येत नाही. आतला आकडा आणि किती तास, हे दोन्ही वाचावं लागतं. विंड चिलचा, म्हणजे वाऱ्यामुळे भासणाऱ्या थंडीचा आकडा पाइपासाठी बाजूला ठेवा. तो माणसाच्या कातडीसाठी आहे. वाऱ्यात पाइप लवकर गार होतो, पण हवेच्या तापमानाखाली जात नाही. वाऱ्याचा खरा उपद्रव वेगळा: छपराच्या कडेच्या फटीतून तो अ‍ॅटिकमध्ये घुसतो आणि नेमका पाइपावर जाऊन आदळतो.

आता टोप्या. थर्माकोलची कडक, घुमटासारखी टोपी चार ते आठ डॉलरला मिळते. आत रबराचा किंवा प्लास्टिकचा फास असतो, तो नळाच्या मानेत अडकवायचा, त्याची दांडी टोपीच्या भोकातून बाहेर काढायची आणि वरून पंखाचा नट फिरवायचा. टोपीच्या कडेला मऊ फोमची गोल पट्टी असते. ती भिंतीला दाबली जाऊन अर्धी चेपेपर्यंत नट आवळायचा, त्यापुढे नाही. प्लास्टिकचे आटे पटकन जातात आणि मग ती टोपी कचऱ्यातच. हिचं काम कसं चालतं तर भिंतीतून झिरपणारी घराची ऊब आत कोंडून ठेवते. म्हणजे भिंतीशी सील बसलं नाही तर ती टोपी नुसती शोभेची. विटांच्या भिंतीत गोम अशी की दोन विटांमधली सिमेंटची रेघ आत गेलेली असते आणि नेमकी तिथून हवा जाते. टोपीच्या कडेवरून हात फिरवला तर फट बोटाला लागते. जुन्या स्पंजची पट्टी किंवा खिडकीला लावायची फोमची चिकटपट्टी त्या रेघेत कोंबली की काम होतं.

विकत घेण्याआधी टोपीची आतली खोली मोजा. बऱ्याच नळांच्या तोंडावर पितळी व्हॅक्यूम ब्रेकर (बाहेरचं पाणी उलटं नळात शिरू न देणारा तुकडा) बसवलेला असतो. तो इंच-दीड इंच पुढे येतो आणि लहान टोपी भिंतीपर्यंत पोचतच नाही. नळाच्या टोकापासून भिंतीपर्यंतचं अंतर टोपीच्या आतल्या खोलीपेक्षा अर्धा इंच तरी कमी हवं. होज, म्हणजे बागेला पाणी घालायची लांब नळी, काढणं तर पहिली अट. होज, दोन तोंडांचा स्प्लिटर, पाणी घालायचा टायमर, सगळं. होजमध्ये पाणी उरलं की नळातलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही.

कापडी मोजा, म्हणजे आत कृत्रिम कापूस भरलेली पिशवी, हा दुसरा प्रकार. पाच ते दहा डॉलर. वेड्यावाकड्या नळावर, गॅस मीटरशेजारच्या अडचणीत कडक टोपी बसत नाही तिथे हा बसतो. पण वरची नाडी किंवा वेलक्रो भिंतीशी कधीच घट्ट बसत नाही. आणि डॅलसमध्ये थंडी पुष्कळदा कोरडी येत नाही. आधी गारठवणारा पाऊस, मग बर्फकणी, मग कडाका. भिजलेला कापूस ऊब धरत नाही, उलट गोठून दगड होतो. मोजा घ्यायचाच असेल तर वर किराणा सामानाची प्लास्टिक पिशवी उलटी बांधा. कडक टोपीला पाचपैकी चार, मोज्याला अडीच. एका रात्रीसाठी दोन्ही पुरतात. तीन दिवसांसाठी एकही नाही.

थर्माकोल टेक्ससच्या उन्हात ठिसूळ होतो. वर्षभर लावून ठेवलेल्या टोप्या दुसऱ्या हिवाळ्यात हातात भुगा होऊन येतात. शिवाय एप्रिलपासून आत गांधीलमाश्या घर करतात, ते वेगळंच.

पाइपाला घालायचा राखाडी फोम, मध्ये चीर असलेली सहा फुटी नळी, यात पैसा सर्वात सार्थकी लागतो, फक्त माप चुकता कामा नये. अर्धा इंची म्हणवणाऱ्या तांब्याच्या किंवा पेक्स (प्लास्टिकच्या) पाइपाचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात ५/८ इंच असतो, पाऊण इंचीचा ७/८. जुन्या घरातला अर्धा इंची गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पाइप तर बाहेरून सुमारे ०.८४ इंच भरतो. त्यामुळे 'अर्धा इंच' एवढंच बघून आणलेली नळी एकीकडे सैल, दुसरीकडे अपुरी. पाकिटावर 'तांबे' आणि 'लोखंड' अशी वेगळी मापं छापलेली असतात, ती बघा. चीर खाली करून बसवा, आतल्या बाजूचा चिकट थर उघडा करून दाबा, आणि जोडांवर टेप मारा. काटकोनात नळी तशीच वाकवली की बाहेरच्या बाजूला चीर उघडी पडते आणि नेमका कोपराच उघडा राहतो. तिथे दोन तुकडे ४५ अंशात कापून चौकटीच्या कोपऱ्यासारखे जोडायचे. फळी कापायच्या मायटर बॉक्समध्ये धरून भाजी कापायच्या दातेरी सुरीने सुरेख कापलं जातं.

अ‍ॅटिकमधली नेहमीची चूक म्हणजे पाइप आणि खालचं छत यांच्यामध्ये इन्शुलेशन सरकवणं. छतातून वर येणारी घराची ऊब हाच त्या पाइपाचा एकमेव हीटर आहे. पाइपाखाली गादी घातली तर तो हीटरच बंद. पाइपाच्या वर आणि दोन्ही बाजूंनी भरपूर, खाली काही नाही. वीज गेली तरी खोल्यांमधली ऊब बराच वेळ टिकते आणि तितका वेळ हे काम करत राहतं. म्हणून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो अ‍ॅटिकमध्ये रांगण्याच्या त्रासाचा. मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, आणि पाय लाकडी जॉइस्टवर, म्हणजे छताच्या तुळयांवरच ठेवा. दोन जॉइस्टमधला प्लास्टर बोर्ड माणसाचं वजन पेलत नाही.

हीट केबल या सगळ्यात मोहात पाडणारी. सहा फुटांची तीसेक डॉलरला, चोवीस फुटांची पन्नास-साठला. साधारण फुटाला ७ वॉट, म्हणजे चोवीस फुटांना १६८ वॉट. चोवीस तास चालली तर चार युनिट, युनिटला १५ सेंट धरले तर दिवसाला साठ सेंट. बरोबरचा थर्मोस्टॅट ३८ फॅरेनहाइटच्या आसपास ती चालू करतो. खर्चाबद्दल तक्रारीला जागा नाही. तक्रार आहे ती अशी की वीज गेली की ती नुसती दोरी. २०२१ सारख्या पहाटे, जेव्हा हिची सर्वात जास्त गरज, तेव्हाच ही मेलेली असते. तरी अ‍ॅटिकमधल्या किंवा गॅरेजमधल्या ज्या एका पाइपाला दुसरा उपाय नाही तिथे घ्या, पण नियम पाळून. स्थिर वॉटची केबल स्वतःवरून ओलांडून गुंडाळायची नाही, ओलांडणीच्या जागी ती जळते. सेल्फ-रेग्युलेटिंग, म्हणजे आपली उष्णता आपणच कमी-जास्त करणारा प्रकार महाग, पण त्यात हा धोका नाही. थर्मोस्टॅटचा गोळा पाइपाच्या सर्वात थंड टोकाला, पाइपाला चिकटून. वरून फोम अर्ध्या इंचापेक्षा जाड नको. भिंतीच्या आत कधीच घालायची नाही. एक्स्टेन्शन कॉर्डवर चालवायची नाही, जीएफसीआय (वीज गळताच आपोआप तुटणाऱ्या) सॉकेटमध्येच लावायची आणि दर ऑक्टोबरला त्या सॉकेटचं 'टेस्ट' बटण दाबून बघायचं. सॉकेट ट्रिप होऊन पडलेलं असतं आणि केबल महिनाभर बंद असल्याचं पाइप फुटल्यावर कळतं, हा प्रकार फार होतो. अंगणातल्या साध्या नळासाठी पन्नास डॉलरची केबल म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पाचपैकी तीन.

स्प्रिंकलरच्या बॅकफ्लो व्हॉल्व्हसाठी (बागेतलं पाणी उलटं घरच्या पाइपात येऊ न देणाऱ्या) हिरवी, गादीसारखी पिशवी मिळते, वीस ते चाळीस डॉलर. ती घेण्याआधी आपला व्हॉल्व्ह आहे कुठे ते बघा. डॅलस परिसरातल्या पुष्कळ घरांत तो डबल चेक प्रकारचा, जमिनीखाली हिरव्या झाकणाच्या पेटीत असतो. तिथे पिशवीची गरजच नाही. जुना टॉवेल किंवा थर्माकोलचा तुकडा झाकणाखाली ठेवला तरी पुरतं. पितळी घंटेसारखा, जमिनीवर फूटभर उंच उभा असेल तर मात्र पिशवी हवी, आणि नुसती पिशवी पुरत नाही, पाणी काढावं लागतं. आधी मुख्य पाइपावरचा आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करा. मग बॅकफ्लोच्या अंगावर लहान चपट्या स्क्रूसारखे टेस्ट कॉक असतात, ते स्क्रू ड्रायव्हरने उघडून पाणी वाहू द्या. शेवटी ते कॉक आणि दोन्ही बॉल व्हॉल्व्हचे दांडे अर्धवट, ४५ अंशांवर ठेवा. ही पायरी पुष्कळ जण गाळतात. बॉल व्हॉल्व्ह पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडा असला की गोळा आणि बाहेरचं कवच यांच्यामध्ये चमचाभर पाणी अडकून राहतं आणि तेवढं पाणी पितळ फोडायला पुरतं. ४५ अंशांवर ते निथळतं. कंट्रोलरही 'ऑफ' करा. पहाटे पाचला आपोआप सुटलेले फवारे फुटपाथवर बर्फाची काच पसरवतात आणि शेजारचा माणूस कुत्र्यासकट घसरतो.

भिंतीवर बाहेरून टांगलेला टँकलेस गीझर टेक्ससमध्ये बराच दिसतो. त्याच्या आत गोठू नये म्हणून छोटे हीटर असतात, पण तेही विजेवर. वीज गेली आणि पारा वीस फॅरेनहाइटच्या खाली असेल तर गॅस आणि पाणी दोन्ही बंद करून खालचे ड्रेन प्लग उघडावे लागतात. ते प्लग कुठे आहेत हे मॅन्युअलमध्ये उजेडी, हिवाळ्याच्या आधीच बघून ठेवा. हीट एक्स्चेंजर फुटला तर दुरुस्तीपेक्षा नवीन घेणं परवडतं.

या सगळ्या यादीत पाचपैकी पाच गुण एकाच वस्तूला: मीटरची किल्ली. इंग्रजी टी आकाराची लोखंडी सळई, पंधरा-वीस डॉलर. ना फोम, ना वीज, ना तासांचा हिशेब. पाइपात पाणीच नसेल तर फुटणार काय? अंगणात, रस्त्याच्या कडेला जमिनीत मीटरची पेटी असते. झाकण उघडून आत बघा. मीटरच्या रस्त्याकडच्या बाजूचा व्हॉल्व्ह पालिकेचा, घराकडच्या बाजूचा असेल तर तो तुमचा. तुमचाच फिरवायचा. त्याचा कान पाइपाला समांतर म्हणजे चालू, आडवा म्हणजे बंद. पाव वळसा पुरतो. काही घरांत हा व्हॉल्व्ह गॅरेजच्या भिंतीत असतो, तोही शोधून ठेवा. पेटीत चिखल, कोळी आणि लाल मुंग्या असतात, म्हणून हे शोधकार्य नोव्हेंबरच्या कोरड्या दुपारी हातमोजे घालून करायचं. मध्यरात्री टॉर्च दातात धरून गोठलेला चिखल उकरणं म्हणजे बैल गेला अन् झोपा केला.

घर रिकामं करायचा क्रम असा. आधी गीझर: विजेचा असेल तर त्याचा ब्रेकर पाडा, नाहीतर रिकाम्या टाकीत एलिमेंट जळतो. गॅसचा असेल तर 'पायलट' किंवा 'व्हेकेशन'वर. मग मीटरचा व्हॉल्व्ह बंद. मग घरातला सर्वात वरचा नळ उघडा म्हणजे हवा शिरेल, आणि सर्वात खालचा उघडा म्हणजे पाणी निघेल. खालचा बहुधा बाहेरच्या भिंतीवरचाच असतो. गरम आणि गार दोन्ही बाजू. शॉवर, वॉशिंग मशीनचे नळ, फ्रिजला जाणारी बारीक नळी विसरू नका. टॉयलेट फ्लश करून टाकी रिकामी करा. सिंकखालच्या वाकड्या पाइपात पाणी राहतंच. घर सोडून जात असाल तर त्यात कपभर गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ (फिरत्या घर-गाड्यांच्या पाइपांसाठी मिळणारं, पाणी गोठू न देणारं द्रव) ओता. गाडीच्या रेडिएटरचं अँटिफ्रीझ मात्र विषारी, ते घराच्या ड्रेनमध्ये नाही. पाणी परत सुरू करताना एकच नळ उघडा ठेवून व्हॉल्व्ह सावकाश फिरवा आणि घरभर कान देऊन फिरा. भिंतीत फुसफुस ऐकू आली की लगेच बंद. गीझर शेवटी, गरम पाण्याच्या नळातून हवेशिवाय सलग धार येऊ लागल्यावर.

पाणी कधी काढायचं आणि कधी नुसतं ठिबकवायचं? वीज आहे आणि रात्र वीस फॅरेनहाइटच्या वर आहे, तर काहीच नाही, बाहेरच्या नळांना टोप्या पुरे. वीज आहे पण पारा वीसच्या खाली, तर मीटरपासून सर्वात लांबचा आणि बाहेरच्या भिंतीवरचा नळ पेन्सिलच्या शिशाएवढ्या बारीक धारेने चालू, सिंकखालची कपाटं उघडी. एकाच दांड्याचा नळ असेल तर दांडा मध्यावर, म्हणजे गरम-गार दोन्ही पाइपांतलं पाणी हलतं राहतं. वीज गेली, परत येण्याचं चिन्ह नाही आणि घरातला पारा चाळीस फॅरेनहाइटकडे उतरतोय, तर किल्ली. ठिबकण्यावर डोळे झाकून भिस्त ठेवू नका. २०२१ मध्ये ह्यूस्टनसह अनेक ठिकाणी नळांचा दाबच कोसळला आणि पाणी उकळून पिण्याच्या सूचना निघाल्या. दाब नसेल तर ठिबकणार काय?

हा निर्णय घेण्यासाठी अ‍ॅटिकमध्ये ठेवायचा वायरलेस थर्मामीटर उपयोगी पडतो, दहा-वीस डॉलर. त्याचा सेन्सर पाइपाच्या शेजारी, पडदा स्वयंपाकघरात. थंडीत साध्या अल्कलाइन बॅटऱ्या मान टाकतात, सेन्सरमध्ये लिथियमच्या घाला.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना मीटरची किल्ली चालवता येत नाही, पण सिंकखालचे आणि टॉयलेटमागचे छोटे व्हॉल्व्ह त्यांच्या हातात असतात. ते खरोखर फिरतात का, हे आधी बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह ऐन वेळी गळायला लागतो. गीझर बाल्कनीतल्या कपाटात असेल तर त्याचं दार घट्ट लावा. भारतात जाताना हीटिंग पूर्ण बंद करून जाणं ही सर्वात महागडी काटकसर: थर्मोस्टॅट ५५ फॅरेनहाइटच्या खाली नको. खोलीत १५०० वॉटचा स्पेस हीटर लावलात तर तो साडेबारा अँपिअर ओढतो, म्हणजे पॉवर स्ट्रिपवर नाही, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये, आणि पडदा-गादीपासून तीन फूट लांब. कोळशाची शेगडी किंवा जनरेटर घरात वा गॅरेजमध्ये चालवायचा नाही, दार उघडं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्या फेब्रुवारीत टेक्ससमध्ये त्याने बळी घेतले.

डॅलसजवळच्या प्लेनो-फ्रिस्कोच्या मराठी घरांत याच खरेदीच्या पिशवीत कढीपत्त्यासाठी फ्रॉस्ट क्लॉथ, म्हणजे झाडांवर घालायचं थंडीचं कापडही असतं, म्हणून त्याबद्दलही. जमिनीपर्यंत सोडून कडेला विटा ठेवल्या तर हे पांढरं कापड जाडीनुसार दोन ते आठ अंश फॅरेनहाइटचा फरक पाडतं, कारण ते जमिनीची ऊब धरतं. झाडाच्या बुंध्याला लॉलीपॉपसारखं बांधलं तर शून्य. प्लास्टिक पानांना टेकलं की तिथली पानं जळतात. कुंडीतल्या मुळांना जमिनीची ऊब मिळत नाही, म्हणून कुंडीतला कढीपत्ता आणि तुळस पारा पंचेचाळीस फॅरेनहाइटला आला की घरातच. कापड जमिनीतल्या मोगऱ्यासाठी ठेवा.

दर पाच-सात वर्षांनी टोप्या बदलत बसण्यापेक्षा नळच बदलायचा विचार असेल तर फ्रॉस्ट-फ्री नळ हा पक्का उपाय. त्याचा दांडा सहा ते बारा इंच लांब असतो, पाणी अडवणारी चकती भिंतीच्या आत, उबदार बाजूला. बंद केला की बाहेरचा भाग निथळतो. दोन अटी: बाहेरच्या बाजूला किंचित उतार हवा, आणि होज काढलेला हवा. होज तसाच राहिला तर हा नळ साध्या नळापेक्षा वाईट, कारण फाटतो तो भिंतीच्या आत आणि तेव्हा एक थेंबही दिसत नाही. नळ बंद असतो, म्हणून फाटलेल्या भागात पाणीच नसतं.

दिसतं ते मार्चमध्ये. शेवटची गोठवणारी रात्र साधारण मार्चच्या मध्यापर्यंत उलटते. तेव्हा टोप्या काढून वाळवून गॅरेजमध्ये ठेवा, आणि होज लावण्याआधी प्रत्येक नळाची एक चाचणी करा. नळ पूर्ण उघडा आणि तोंडावर अंगठा घट्ट दाबा. शाबूत नळ असेल तर पाणी अंगठा ढकलून फवारतं, नुसत्या अंगठ्याने घराचा दाब अडत नाही. धार सहज थांबली तर पाणी भिंतीत दुसरीकडे वाट काढतंय. लगेच नळ बंद करा आणि त्या भिंतीच्या आतल्या बाजूचं कपाट रिकामं करून हात लावून बघा.